२२ पैकी १९

२२ चे ९० टक्के म्हणजे १९.८. हे गणित मी एप्रिल २०२० मध्ये कळव्याच्या आमच्या खोलीत, पलंगावर मांडी घालून, मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर चार वेळा केलं. चारही वेळा उत्तर तेच. मग साहेबांना फोन लावला आणि सांगितलं, "आपण बसत नाही. एकाने हुकतंय."

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात हिशेब आणि टाइम ऑफिस बघते. शीट मेटलचं जॉबवर्क, पॅनेलचे बॉक्स, थोडं फॅब्रिकेशन. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, तेव्हा २२ माणसं होती, शिवाय कंत्राटदाराचे 5 हेल्पर. पगार, पीएफ, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा), बोनस, कोणाची उचल, कोणाचा खाडा, सगळं माझ्या टेबलावरून जातं. लॉकडाऊनमध्ये सरकारचे जेवढे आदेश निघाले त्यातले कामगारांचे बहुतेक व्हॉट्सॲपवर आधी माझ्याकडे आले, कारण साहेब फॉरवर्ड करायचे आणि खाली लिहायचे, "हे आपल्याला लागू?"

तर ते ९० टक्के. २६ मार्च २०२० ला केंद्र सरकारने गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं. त्यात होतं की कामगाराचे १२ आणि मालकाचे १२ असे पीएफचे पूर्ण २४ टक्के सरकार भरणार. आधी तीन महिने म्हणाले, पुढे ऑगस्टपर्यंत वाढवलं. अटी दोन. माणसं १०० च्या आत हवीत, आणि त्यातल्या किमान ९० टक्क्यांचं वेतन १५ हजारांच्या आत हवं. १५ हजारांच्या आतल्यांचं आमचं पीएफचं चलान दोन्ही बाजू मिळून महिन्याला ५८ हजारांच्या आसपास जायचं. सहा महिन्यांचे साडेतीन लाख झाले असते. गाळा बंद, येणी अडकलेली, त्यात साडेतीन लाख म्हणजे चेष्टा नव्हती.

१५ हजारांच्या आत आमची माणसं होती १९. हवी होती २०.

वरचे तिघे म्हणजे सुपरवायझर, सीएनसी बेंडिंगचा ऑपरेटर आणि मिस्त्री. मिस्त्री म्हणजे आमचा थोरला वेल्डर. त्याचा पगार सगळा मिळून १९,५००, त्यात बेसिक बरोबर १५,०००. हे बेसिक २०१८ मध्ये त्याने भांडून वाढवून घेतलेलं. त्याआधी बेसिक ९ हजार आणि बाकी सगळे भत्ते अशी वाटणी होती, बहुतेक गाळ्यांत असते तशी. तो माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला होता, "मॅडम, स्लिपवर जे दिसत नाय ते मिळालं काय नि नाय मिळालं काय." साहेबांनी कटकट केली पण ऐकलं.

आमच्या शेजारच्या गाळ्यात सगळ्यांचं वेतन कागदावर १२ हजारांच्या खाली. वरचे पैसे पाकिटात. त्यांना २४ टक्के मिळाले. त्यांच्या अकाउंटंटने मला मोठ्या मनाने फोनवर सांगितलं, "तुम्हीपण मार्चच्या चलानात एकाचं बेसिक खाली आणा ना, कोण बघतंय." मी साहेबांना तेही सांगितलं, कारण न सांगणं माझ्याने झालं नसतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "राहू दे. मिस्त्री माझी मान धरेल." तो निर्णय तत्त्वाचा होता की मिस्त्रीच्या धाकाचा, हे मी विचारलं नाही. मला दोन्ही चाललं असतं.

पगाराचं प्रकरण वेगळंच. २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाचा आदेश आला, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली. बंदच्या काळात मालकांनी कामगारांचा पगार कापायचा नाही, ठरल्या तारखेला द्यायचा. त्याच आदेशात घरमालकांनी कामगारांकडून महिनाभर भाडं मागू नये असंही होतं. आमच्या चाळीच्या मालकाने ते वाचलं नसावं. मार्चचा पगार आम्ही पूर्ण दिला. एप्रिलचाही दिला, ओव्हरड्राफ्टमधून, शेवटच्या दिवशी. १८ मेपासून तो आदेशच राहिला नाही. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मालक आणि कामगारांनी बसून बोलणी करावीत, आणि तोपर्यंत मालकांवर सक्तीची कारवाई नको. बसून बोलणी म्हणजे आमच्याकडे काय, तर साहेब, सुपरवायझर, मिस्त्री आणि मी, गाळ्याच्या दारात सहा-सहा फुटांवर स्टुलं टाकून. मे महिन्याचा अर्धा पगार ठरला. मी करारपत्र टाइप केलं, २२ सह्या घेतल्या. मिस्त्रीने सही करताना विचारलं, "पीएफ पण अर्ध्यावरच जाणार ना?" मी हो म्हटलं. हा प्रश्न मी पुढे वर्षभर विसरून गेले होते.

कंत्राटदाराच्या त्या पाच हेल्परांचं मात्र मला सांगितलंच पाहिजे. आदेशात कामगार म्हणजे कामगार होता, पण माझ्या मस्टरवर त्यांची नावं नव्हती. कंत्राटदाराचा फोन २५ मार्चपासून बंद. साहेबांनी त्यांना महिनाभर तांदूळ, डाळ, तेल, कांदे-बटाटे दिले आणि हातखर्चाला थोडे पैसे. पगार दिला नाही. ती मुलं दोन महिने गाळ्याच्या माळ्यावर राहिली, आणि मेच्या मध्यावर एका पहाटे माजिवड्याला जाऊन नाशिक हायवेला लागली. कोणत्या ट्रकने गेली, कुठपर्यंत चालत गेली, काही कळलं नाही. त्यातला एक ऑगस्टमध्ये परत आला. त्याला मी पहिल्या दिवशी मस्टरवर घेतलं. बाकीच्या चौघांची नावंसुद्धा माझ्याकडे कुठे लिहिलेली नाहीत. चहाच्या हिशेबाच्या वहीत "हेल्पर ५" एवढंच आहे.

काम सुरू झालं ते जूनमध्ये, आणि तेही एका ऑर्डरमुळे. सलाइनचे स्टँड, पलंगांच्या फ्रेमा, स्ट्रेचरच्या ट्रॉल्या. आयुष्यात कधी केलं नव्हतं असलं काम, पण ऑर्डर हातात असली की आपण "अत्यावश्यक" होतो. त्या काळात या शब्दाला जेवढी किंमत होती तेवढी सोन्याला नव्हती. परवानगीसाठी कामगारांची यादी, आधार, राहण्याचा पत्ता, कोण कसा येणार, तापमान कोण मोजणार, दोन पाळ्यांमध्ये किती वेळ, सगळं स्वयंघोषणापत्रावर. कळव्याहून वागळेला यायला मला एरवी गाडीने ठाणं आणि तिथून बस. गाड्या सामान्य माणसाला बंद. ऑक्टोबरच्या २१ तारखेपासून बायकांना लोकलने जायला मुभा दिली, सकाळी ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. माझी ड्युटी ९ ते ६. ज्याने ती वेळ ठरवली त्याच्या घरातली बाई नोकरी करत नसावी.

जूनच्या ३ तारखेला निसर्ग वादळ आलं. मिस्त्रीचं गाव श्रीवर्धन तालुक्यात, घरात म्हातारी आई एकटी. घरावरचे पत्रे उडून वाडीत जाऊन पडले. त्याला पैसे हवे होते, आणि पीएफमध्ये कोविडसाठी उचलीची खास सोय निघाली होती. शिल्लक रकमेच्या ७५ टक्के किंवा तीन महिन्यांचं बेसिक आणि महागाई भत्ता, यातलं जे कमी ते, आणि परत भरायचं नाही. त्याचे ४५ हजार बसत होते. अर्ज ऑनलाइन, मोबाइलवरून पाच मिनिटांत होतो असं सगळीकडे छापून आलेलं.

त्याचा होईना. आधार जोडलंच जाईना.

दोन दिवस मी पोर्टलला शिव्या दिल्या. मग नीट पाहिलं तर पीएफच्या नोंदीत त्याच्या आडनावात एक 'ए' जास्त होता. ती नोंद २०१४ ची, आणि केलेली मी. सहा वर्षं तो 'ए' तिथे बसून होता आणि कोणाचं काही अडलं नव्हतं.

दुरुस्ती तेव्हा अशी असायची. कामगाराने स्वतःच्या खात्यातून विनंती पाठवायची, ती मालकाच्या डिजिटल सहीने मंजूर व्हायची, मग पीएफ कार्यालयातून. डिजिटल सहीचं डोंगल गाळ्यात माझ्या ड्रॉवरमध्ये, आणि मी घरात, कारण नेमकी त्याच आठवड्यात आमच्या चाळीत दोन पेशंट निघाले आणि गल्लीच्या तोंडाला बांबू लागले. चौदा दिवस. दूधवाला बांबूच्या पलीकडे पिशवी ठेवून ओरडायचा. मी साहेबांना फोनवरून डोंगल कुठे लावायचं ते सांगत होते. साहेब ६३ वर्षांचे. पासवर्ड तीनदा चुकला. चौथ्यांदा चुकला असता तर सही लॉक झाली असती म्हणून मी म्हटलं, साहेब, हात काढा, आधी पाणी प्या. शेवटी झालं. नऊ दिवसांनी मिस्त्रीच्या खात्यात ४५ हजार आले, आणि तो ई-पास काढून, पत्रे आणि ते बसवायचे 'J' आकाराचे हुक घेऊन गावाला गेला. त्या पैशात एक बाजू झाकली गेली. दुसऱ्या बाजूला ताडपत्री राहिली ती पुढच्या वर्षीही होती.

घरात आमच्या वेगळे नियम चालू होते. माझा दीर रिक्षा चालवतो, पण परमिट दुसऱ्याचं. तो रोजच्या भाड्यावर, शिफ्टला. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने परमिटधारक रिक्षाचालकांना १,५०० रुपये जाहीर केले. ते परमिटवाल्याला मिळाले. तो माणूस दहा वर्षं रिक्षेत बसलेला नाही. नोंदणीकृत घरकामगार बायकांनाही १,५०० होते. मिस्त्रीची बायको, तिला मी वहिनी म्हणते, चार घरी पोळ्या करायची. नोंदणी वगैरे काही नव्हती. २०२० मध्ये सोसायट्यांनी कामवाल्या बायकांना फाटकावरच अडवलं तेव्हा चारपैकी एका घराने दोन महिने पगार दिला. २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध आले तेव्हा आदेशातच होतं की पाचपेक्षा जास्त रुग्ण असलेली सोसायटी सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र समजायची, फाटकावर बोर्ड लावायचा, नाहीतर १० हजार दंड. दंड म्हटल्यावर सेक्रेटरी लोकांनी पाच रुग्ण व्हायची वाटही पाहिली नाही.

त्याच एप्रिलच्या आदेशात कारखान्यांसाठी जे होतं त्याने मी जेरीस आले. लस न झालेल्या प्रत्येक कामगाराचा दर १५ दिवसांनी आरटीपीसीआर रिपोर्ट हवा. राज्याने ठरवलेला दर ५०० रुपये. आम्ही त्या वेळी १४ जणांवर चालत होतो, म्हणजे पंधरवड्याला ७ हजार, आणि साहेब मला दर वेळी विचारणार, "हे खरंच बघायला येतं का कोणी?" कोणी आलं नाही. तरी मी रिपोर्टांची फाइल केली. लाल रंगाची, तारखेवार. फाइल केली की मला झोप लागते, हा माझा स्वभाव. त्याच आदेशात असंही होतं की पॉझिटिव्ह निघालेल्या कामगाराला काढायचं नाही, आजाराच्या दिवसांचा पूर्ण पगार द्यायचा. ते वाक्य मी साहेबांना दोनदा वाचून दाखवलं.

२२ एप्रिलला उद्योगांचा ऑक्सिजन बंद झाला. नऊ ठरावीक उद्योग सोडून कोणालाही द्यायचा नाही, सगळा दवाखान्यांना. आम्हाला तो गॅस कटिंगला लागतो. स्टेनलेसला चालत नाही, पण ट्रॉलीच्या खालच्या साध्या पोलादाच्या (एमएस) जाड प्लेटा त्यावरच कापायच्या. सप्लायरचा टेम्पो आला आणि भरलेले, रिकामे, अर्धे सगळे सिलेंडर घेऊन गेला. मिस्त्री आणि तो परत आलेला हेल्पर, दोघांनी ते वर चढवले. मिस्त्री म्हणाला, "घेऊन जा बाबा, आपण ग्राइंडरने कापू." आणि खरंच कापलं. जिथे दहा मिनिटं लागायची तिथे तास. कटिंग व्हीलचा खर्च त्या महिन्यात मी चौपट दाखवलाय.

मिस्त्रीचं वय ४३. १ एप्रिलपासून ४५ च्या वरच्यांना लस खुली होती. त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा सुपरवायझर घेऊन आला. १ मेपासून १८ च्या वरच्यांना म्हणाले, पण स्लॉट उघडला की मिटला. आणि १ मेलाच, महाराष्ट्र दिनी, पंधरवड्याच्या चाचणीचे रिपोर्ट माझ्या मोबाइलवर आले. १३ निगेटिव्ह. आदल्या दिवशी तो कामावर होता, मस्टरवर त्याची हजेरी आहे, त्याने मला जेवणाच्या सुटीत कैरी दिली होती.

पुढचं मी थोडक्यात लिहिते. सहा दिवस घरी, मग दवाखान्यात. १७ मेला तौक्ते वादळ ठाण्यावरून चाललं होतं, झाडं पडत होती, लाइट गेलेली, तेव्हा वहिनींचा फोन आला. दुसऱ्या दिवशी जवाहरबागेत साहेब आणि सुपरवायझर गेले. मी गेले नाही. जाता आलं असतं.

जूनमध्ये ईएसआयसीची कोविड साहाय्य योजना आली. कोविडने गेलेल्या विमाधारकाच्या कुटुंबाला त्याच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्के दरमहा. अटी मी वाचत गेले आणि एकेका अटीसमोर पेन्सिलने बरोबरची खूण करत गेले. आजार कळला त्याच्या किमान तीन महिने आधी नोंदणी हवी. होती, २००९ ची. आजार कळला त्या दिवशी नोकरीत असायला हवा. मस्टर होतं. आधीच्या वर्षात किमान ७० दिवसांची वर्गणी. होती. पॉझिटिव्ह रिपोर्ट. तिथे मी हात थांबवला आणि लाल फाइल काढली. ५०० रुपयांचा तो कागद, ज्याच्यावर नाव आधारसारखंच होतं, कारण 'ए' मी वर्षापूर्वी काढला होता आणि तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी त्याचं स्पेलिंग मी स्वतः लिहून देत होते.

चाचणी करून घेतली नसती तर त्याने चार दिवस क्रोसिनवर काढले असते आणि दवाखान्यात थेट भरती झाला असता, तिथले कागद मग कुठे शोधले असते, कोणास ठाऊक. किसननगरमध्ये मिस्त्रीच्याच मजल्यावर एक बाई आहे, तिच्या नवऱ्याचा घरातच जीव गेला, चाचणी झालीच नव्हती. ती वहिनींबरोबर एकदा माझ्याकडे आली होती. मी काहीही करू शकले नाही.

१९,५०० चे ९० टक्के म्हणजे १७,५५०. विधवेचे ३/५ आणि प्रत्येक मुलाचे २/५ असा हिशेब, पण मुलं दोन असल्याने बेरीज एकाच्या वर जाते, म्हणून त्याच प्रमाणात कमी करून ३/७, २/७, २/७. मुलगी पाचवीत, मुलगा दुसरीत. मुलाचं २५ वर्षांपर्यंत, मुलीचं लग्न होईपर्यंत. हे मी वहिनींना कागदावर भाकरीसारखा गोल काढून दाखवलं. त्यांनी विचारलं, "हे यांच्या खऱ्या पगारावर आहे?" मी म्हटलं, खऱ्याच. शेजारच्या गाळ्यात त्याच महिन्यात एक प्रेस ऑपरेटर गेला होता. त्याला हातात १८ हजार मिळायचे. त्याच्या बायकोला ९० टक्के मिळणार ते कागदावरच्या ११,५०० चे.

गणपती होऊन गेल्यावर पहिली रक्कम जमा झाली.

पीएफचं मात्र एवढं सरळ गेलं नाही. पीएफला जोडून विमा असतो, त्याची कमाल रक्कम एप्रिल २०२१ मध्येच ६ वरून ७ लाख झाली होती. फॉर्म २० शिल्लक रकमेचा, ५ आयएफ विम्याचा, १० डी पेन्शनचा. मी मिस्त्रीची जुनी फाइल काढली आणि त्यात २००९ चं नामनिर्देशन सापडलं. वारस: आई. लग्न व्हायच्या आधीचं. लग्नानंतर ते आपोआप रद्द होतं, आणि नवं भरलेलं नसेल तर रक्कम कुटुंबात सारखी वाटली जाते. बायको, दोन मुलं, आणि अवलंबून असलेली आई. चार वाटे.

वहिनी गप्प झाल्या. मी त्यांच्या सासूबाईंना, म्हणजे मिस्त्रीच्या आईला, फोन केला, बँकेचं पासबुक आणि आधार पाठवा म्हणून. माझी अपेक्षा होती की म्हातारी म्हणेल, मला काय करायचंय, पोरांना द्या. ती म्हणाली, "माझा वाटा माझ्या खात्यात टाका. मला कोण बघणार?" मला राग आला. दोन दिवस होता. मग आठवलं की त्या घराची एक बाजू अजून ताडपत्रीची आहे, आणि दर महिन्याला तिला दोन हजार पाठवणारा आता नाही. ईएसआयसीची रक्कम वहिनी आणि मुलांच्या नावावर होती. हा एवढा एकच कागद होता ज्यावर ती होती. मी तिचा अर्ज सगळ्यांत आधी भरला. अंगठा साक्षांकित करायला तिला श्रीवर्धनपर्यंत यावं लागलं, पुतण्याच्या मोटारसायकलवर, पावसात.

विम्याचं गणित असं. मृत्यूच्या आधीच्या बारा महिन्यांचं सरासरी वेतन, १५ हजारांच्या मर्यादेत, गुणिले ३५. अधिक शिल्लक रकमेच्या सरासरीच्या निम्मे. मी सरळ १५,००० गुणिले ३५ करून ५,२५,००० लिहून ठेवले होते. मंजूर झालेल्या आकड्यात तो भाग निघाला ५,०३,१२५. मला वाटलं चूक आहे. परत मांडलं. मे २०२१ मध्ये गेला, म्हणजे बारा महिने मे २०२० पासून मोजायचे. मे २०२० चा पगार अर्धा. त्या करारपत्राने. अकरा महिने पंधरा हजार आणि एक महिना साडेसात, सरासरी १४,३७५. त्याच्या बेसिकचे साडेसात हजार रुपये आम्ही वाचवले होते, आणि त्याच्या घरच्यांचे २१,८७५ गेले. "पीएफ पण अर्ध्यावरच जाणार ना?" त्याला हे गणित माहीत असणं शक्य नव्हतं. पण त्याने विचारलं होतं.

साहेबांना मी तो आकडा सांगितला नाही. त्यांनी तेव्हा फसवलं नव्हतं, कोर्टाने सांगितलं तसंच केलं होतं, आणि त्या जूनमध्ये खरोखर पैसे नव्हते. आधीच्या कर्जाच्या २० टक्के, सरकारच्या हमीवरचं ते जादा कर्ज मंजूर झालं तेव्हा जुलै उजाडला होता. आता लिहून टाकलंय, तर वाचतील.

५० हजारांचं सानुग्रह अनुदान सगळ्यांत शेवटी आलं. सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ ला मदत द्या म्हणून सांगितलं, राज्याचा शासन निर्णय २६ नोव्हेंबरला निघाला. तो अर्ज मात्र मोबाइलवरून खरोखर पाऊण तासात झाला. त्याला मस्टर लागत नव्हतं, वर्गणी लागत नव्हती, पगाराची स्लिप लागत नव्हती. मृत्यूचा दाखला, कोविडचा कागद, आधार आणि बँक खातं. चाचणीनंतर ३० दिवसांच्या आत गेलेला माणूस कुठेही गेला तरी कोविडचाच धरायचा, असं त्यात स्पष्ट होतं. वहिनींचा झाल्यावर मी किसननगरमधून आलेल्या आणखी सात जणांचे भरून दिले. त्यातल्या पाच जणांना दुसरं काहीच मिळणार नव्हतं. कोणी नाक्यावरचा, कोणी शिफ्टवरचा रिक्षावाला, कोणी कंत्राटदाराचा.

२०२२ च्या जानेवारीपासून मी गाळ्यात एक काम काढलं. २२ जणांच्या (आता २४) पीएफच्या नामनिर्देशनाच्या फाइली उघडल्या. नऊ जणांच्या फाइलीत लग्न होऊन मुलं झाली तरी अजून आई किंवा भाऊ. दोघांच्या फाइलीत वारस आधीच वारलेले. एकाचं आडनाव चुकलेलं, तेही माझ्याच हातचं. रोज चहाच्या सुटीत एकाला बसवते, त्याच्या मोबाइलवर खातं उघडते, बायको-मुलांचे आधार, फोटो टाकते, टक्के भरते. ओटीपी येतो तो गावाकडच्या मेहुण्याच्या नंबरवर. मेहुणा शेतात. चहा गार.

परवा तो परत आलेला हेल्पर बसला होता. आता तो वेल्डिंग करतो, मिस्त्रीच्याच मशीनवर. वारस म्हणून आईचं नाव घालायला घेतलं तर म्हणाला, "मॅडम, थोडं थांबा ना. वैशाखात लग्न आहे."

मी स्क्रीन बंद केली. वैशाखानंतर ये म्हटलं, आणि येताना तिचं आधार घेऊन ये, स्पेलिंग मी बघते.